परतीचे भाडे

धर्मबोधाच्या हेतूने लिहिलेली कादंबरी हाती आली की माझे मन आधीच सावध होते. पात्रांच्या तोंडून लेखकच बोलू लागणार आणि अखेरच्या प्रकरणात सगळ्यांना गुडघे टेकायला लावणार, अशी धास्ती वाटते. जॅनेट ओक या कॅनडातील लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' मी याच धास्तीने उघडली. बेथनी हाउस या अमेरिकेतील ख्रिस्ती प्रकाशनसंस्थेने ती १९७९ साली काढली. पुढे तिची आठ पुस्तकांची माला झाली, आणि सरहद्दीवरची ख्रिस्ती प्रेमकथा हा तिकडे एक भरभराटीचा व्यवसायच होऊन बसला. वाङ्मयप्रकार म्हणायला माझी जीभ अडखळते. तरीही हे पहिले पुस्तक मला झटकून टाकता आले नाही.

सरहद्द म्हणजे इथे दोन देशांमधील सीमा नव्हे. गोऱ्या वसाहतवाल्यांची वस्ती जिथे विरळ होत जाते आणि पश्चिमेचा मोकळा माळ सुरू होतो, तो पुढे पुढे सरकणारा पट्टा. या पट्ट्यावर मार्टी नावाची एक पोरसवदा बाई नवऱ्याबरोबर आलेली आहे. नवरा अपघातात जातो. ती गरोदर, जवळ पैसा नाही, माहेर शेकडो मैल दूर. ज्या दिवशी त्याला मूठमाती दिली त्याच दिवशी क्लार्क डेव्हिस हा अनोळखी विधुर तिच्यापुढे येऊन उभा राहतो. त्याच्या लहानग्या मिसीला आई हवी आहे. लग्न नावापुरते, तो स्वतः घराला जोडलेल्या पडवीत निजेल. वसंतात पूर्वेकडे गाड्यांचा तांडा निघेल तेव्हा तिला जावेसे वाटले तर भाडे तो देईल; मात्र मिसीला तिने बरोबर न्यावे.

मराठी वाचक इथे दचकतो. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे, म्हणजे विधवाविवाहाचा कायदा झाल्यानंतर एका वर्षाने आलेले. तेही ख्रिस्ती लेखकाचेच पुस्तक, पण त्यात विधवेची वाट अडवून सारा समाज उभा आहे. हरिभाऊ आपट्यांच्या यमूचे काय झाले ते आपल्याला ठाऊकच आहे. आणि इथे नुकतीच विधवा झालेली स्त्री दुसऱ्याच्या घरी जाते, धर्मोपदेशक विधी उरकून वाटेला लागतो, आणि कोणी चकार शब्द काढत नाही! समाजच अजून वसलेला नाही, तर अडवणार कोण? त्यामुळे सारा झगडा एका लाकडी खोपटात आणि एका बाईच्या मनात येऊन कोंडतो. सरहद्दीचा या कादंबरीला झालेला खरा उपयोग हाच; घोडे आणि हिमवादळे ही नुसती सजावट.

लग्न आधी आणि प्रेम मागाहून, ही कल्पना अमेरिकन वाचकाला अपूर्वाईची वाटली असेल. माझ्या आजीला ही गोष्ट सांगितली असती तर 'यात कादंबरी कशाची लिहायची?' असेच ती म्हणाली असती. पण आजीला आणि मार्टीला एका पंक्तीला बसवता येत नाही. मार्टीच्या पदरी परतीचे भाडे आहे. ते नसते तर तिचे प्रेम आणि तिची निरुपाय स्थिती यांतला फरक आपल्याला कधीच ओळखता आला नसता. आमच्या किती घरांत तो ओळखता आला, कोण जाणे.

लेखिकेची लेखणी सर्वांत सुखावते ती चुलीपाशी. मार्टीला स्वयंपाक येत नाही. ती तिन्ही त्रिकाळ पॅनकेक करून घालते आणि क्लार्क मुकाट्याने खातो. या फजितीत जेवढी माया आहे तेवढी पुढच्या कबुलीजबाबांत नाही. शेजारची मा ग्रॅहमही मला फार आवडली. पहिला नवरा गमावलेली, मुलांसकट एका विधुराच्या घरात आलेली ही बाई आपली हकीकत अगदी साध्या शब्दांत सांगते, आणि पुस्तकाच्या नावाचा अर्थ तिथेच उलगडतो.

क्लार्क न्याहारीच्या वेळी बायबल वाचतो, डोळे मिटून बोलतो. हा कोणाशी बोलतो आहे, हेच मार्टीला कळत नाही. तिच्या लेखी तो 'क्लार्कचा देव' आहे. श्रद्धा प्रथम दुसऱ्याची म्हणून दिसावी, घरातल्या परक्या वस्तूसारखी, ही फार खरी अनुभूती आहे. पण लेखिकेला तिथे फार वेळ थांबवत नाही. आणि क्लार्क! हा माणूस कधी उगाच चिडत नाही, कधी क्षुद्र होत नाही. ज्याच्यात खोटच नाही त्याला पत्करायला धैर्य ते काय लागते? तो एकदा जरी अन्यायाने वागला असता, तर वसंतात जावे की राहावे, हा प्रश्न मला टोचला असता.

माझी याहून मोठी तक्रार आहे ती त्या माळाविषयी. कादंबरी नक्की सन सांगत नाही, प्रदेशही धूसर ठेवते, आणि या धुक्यात एक गोष्ट बेमालूम नाहीशी होते : जमीन आधी कोणाची होती? अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने वसाहतवाल्याला १६० एकर मिळू लागले, ते एकर काही आभाळातून पडलेले नव्हते. ओकबाईंना हे ठाऊक नसावे असे म्हणता येत नाही. त्यांचा जन्म १९३५ चा, आल्बर्टातल्या चॅम्पियन गावचा. त्या मुलखावर १८७७ च्या सातव्या कराराने ब्लॅकफूट आणि त्यांच्या शेजारच्या जमातींना पाणी सोडावे लागले. पुढे १९९६ साली 'ड्रम्स ऑफ चेंज' या कादंबरीत त्यांनी ब्लॅकफूट मुलीलाच नायिका केले. म्हणजे हा प्रश्न त्यांच्या मनात कुठेतरी वाट पाहत होता. पण क्लार्क नांगर धरतो तेव्हा त्याच्या शेतात त्याचा मागमूस नाही, आणि त्याच्या प्रार्थनेतही नाही.

वसंत येतो. क्लार्क दिलेला शब्द मागे घेत नाही. मार्टीच जात नाही. ते पान मी दोनदा वाचले. मालेतले पुढचे दोन भागही वाचले, तिसऱ्याची पाने मात्र अजून फाडलेली नाहीत.