व्हेनिसमधली ओल

चित्रकलेशी माझा संबंध बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनापुरता. नाटकाला अर्धा तास आधी पोचलो की तिथं एक फेरी मारायची, कारण आत पंखे असायचे आणि पैसे पडायचे नाहीत. निसर्गचित्र दिसलं की 'हुबेहूब!' म्हणायचं. काहीच कळेना असं चित्र दिसलं, तर दोन पावलं मागं जाऊन मान तिरकी करायची. आणि चित्रकार जवळपास असलाच, तर 'याचा अर्थ काय?' असं त्याला विचारायचं. अर्थ लागल्याशिवाय पुणेकराचं पाऊल पुढं पडत नाही.

अशा माझ्यावर २०१५च्या ऑक्टोबरात वासुदेव गायतोंडे यांची चित्रं पाहायची वेळ आली, आणि तीही व्हेनिसमध्ये! मुलगी मिलानला शिकत होती. तिथून व्हेनिस रेल्वेनं अडीच तास, म्हणजे पुणे-मुंबईसारखंच. फरक एवढाच, की स्टेशनाबाहेर रिक्षावाला 'नाही' म्हणत नाही. रिक्षाच नाही, पायऱ्या उतरलं की एकदम पाणी.

मुलीनं आम्हाला बोटीत बसवून थेट पेगी गुगेनहाइमच्या संग्रहालयात नेलं. अठराव्या शतकात कालव्याकाठी बांधायला घेतलेला हा प्रासाद तळमजल्यावरच थांबला. आमच्या पेठांत वाड्यांचे मजले पडतात, याचे चढलेच नाहीत. पेगीबाई इथं तीस वर्षं राहिल्या, १९७९ साली वारल्या, आणि आता बागेत आपल्या लाडक्या कुत्र्यांशेजारी विसावल्या आहेत. तिकिटाच्या आकड्याला मी मनात सत्तरनं गुणत होतो. ओठ हलले असावेत. सौ. म्हणाली, "अहो, गुणाकार घरी गेल्यावर करा."

दारात गायतोंड्यांचं नाव वाचून आम्हा दोघांचीही मान ताठ झाली. आपला माणूस! खरं सांगायचं तर या आपल्या माणसाबद्दल आम्हाला एकच गोष्ट ठाऊक होती : २०१३च्या डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र साडेतेवीस कोटींच्या वर गेलं होतं. पेपरात ती बातमी वाचून आम्ही हळहळलोही होतो. चित्र आपल्याकडे नव्हतं म्हणून. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, गिरगावच्या चाळीत वाढलेला, जे. जे.त शिकलेला हा माणूस २००१ साली गेला. चौदा वर्षांनी त्याची चित्रं न्यूयॉर्कचं गुगेनहाइम करून व्हेनिसला आली होती आणि आम्ही ती पाहायला पुण्याहून.

पहिल्या चित्रांत माझा निभाव लागला. त्यांत माणसं होती, ओळखीचे आकार होते. पॉल क्ले या चित्रकाराची छाया आहे, असं मुलीनं कानात सांगितलं. पुढं मात्र माणसं विरघळली आणि नुसता रंग उरला. मी सवयीनं विचारलं, "याचा अर्थ काय?"

"बाबा, त्यांना 'अमूर्त' हा शब्दसुद्धा चालत नसे. 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणायचे."

म्हणजे विचारायची सोयच नाही. मी निघणार, तेवढ्यात सौ.चे गुडघे मदतीला धावले. ती समोरच्या बाकावर बसली ती उठेचना. मग मीही बसलो. दहा मिनिटं गेली असतील. ती हळूच म्हणाली, "वाड्यात आपल्या खोलीच्या भिंतीला श्रावणात ओल यायची, आठवतं? लग्न होऊन आले तेव्हा मी दुपारभर तिच्याकडेच बघत बसायची. दुसरं बघायला होतं काय?"

वाडा पाडून तिथं सोसायटी उभी राहिली, त्याला पंचवीस वर्षं झाली. एवढ्या संसारात ती दुपारी काय बघत बसायची, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. सगळ्या गोष्टींचा अर्थ विचारणारा मी!

मग मात्र मी नीट पाहिलं. भिंतीची ओल आपोआप पसरते. गायतोंड्यांची ओल रुळानं आणि सुरीनं चढवलेली, खरवडलेली, पुन्हा चढवलेली. म्हणून तर वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची. रंगाच्या थरामागून उजेड येतो, पण दिवा दिसत नाही. त्याच संग्रहालयात जॅक्सन पोलॉकचं १९४७ सालचं 'अल्केमी' आहे. तो रंग भर मंडईतल्यासारखा आपल्याला हाका मारतो. गायतोंड्यांचा रंग हाक मारत नाही. तुम्ही बसलात तर तो बोलतो.

सगळीच चित्रं बोलली, असं नाही. काहींत न लागणाऱ्या मोडीसारखे आकार इतक्या शिस्तीत तरंगतात, की उत्तम नक्षी पाहिल्याचं समाधान घेऊन आपण पुढं सरकतो. पण जिथं आकार वर येतोय की बुडतोय हे ठरत नाही, तिथून हलवत नाही. साडेतेवीस कोटींचा आकडा त्या चित्रांच्या आड येतो, ही माझी खरी तक्रार. किंमत कळली की पाहिल्यासारखंच वाटतं. मुंबईत सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. समोरच्या म्युझियममध्ये मी मुलांना दोनदा नेलं, पण रस्ता ओलांडला नाही.

परतल्यावर एकदा नाटकाआधी सवयीनं कलादालनात शिरलो. एका तरुण पोराचं प्रदर्शन होतं. एक चित्र नुसतंच करडं. मी अर्थ विचारला नाही, मान तिरकी केली नाही. समोर उभा राहिलो तो राहिलोच. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. पोरगा अस्वस्थ होऊन जवळ आला आणि अदबीनं म्हणाला,

"काका, पंखा मोठा करू का?"