'अचूक नेम' म्हणजे नेमका किती?

सीताबर्डीच्या लढाईवर आपल्याकडे जे लिहिलं जातं, त्यात एक वाक्य हटकून येतं: भोसल्यांच्या पदरच्या अरबांचा नेम अचूक होता. कटंगीचा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचाच, त्यामुळे आपल्याला ते वाचायला गोड वाटतं. पण २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला त्या दोन टेकड्यांवर काय घडलं, हे त्या वाक्यातून कळत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे.

नेमात दोन गोष्टी असतात. गोळ्या सरासरीने कुठे पडतात ही एक, आणि एकमेकींपासून किती फाकतात ही दुसरी. पहिली चूक सरावाने सुधारते. दुसरी बरीचशी बंदुकीतच असते. गुळगुळीत नळीतली सैल गोळी कुठे भरकटेल, हे उत्तम बरकंदाजाच्याही हातात नाही.

आता हिशोब बघा. फाक चहूकडे सारखी आणि मध्याशी दाट, कडेला विरळ, अशी नेहमीच्या घंटाकृती वक्राची धरू. समजा, एका अंतरावर निम्म्या गोळ्या लक्ष्याच्या वर्तुळात बसतात. अंतर दुप्पट केलं की फाकही दुप्पट. मग लागणाऱ्या गोळ्या २५ टक्के उरतील असं वाटतं ना? उरतात १६. तिप्पट अंतरावर जेमतेम ७. वारा अजून धरलेलाच नाही! तेव्हा अंतर न सांगता 'अचूक' लिहिलं, तर काहीच लिहिलं नाही.

जुनी बंदूक आज उडवून पाच गोळ्यांचा झुबका दाखवणाऱ्यांचंही तेच. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधलं अंतर गोळ्या वाढवल्या की वाढतंच, कमी कधी होत नाही. मध्यापासूनचं सरासरी अंतर काढा, तेही वीस-पंचवीस गोळ्यांचं.

इंग्रजांचे मेलेले-जखमी मिळून ३६७ सांगतात. हा आकडा नेमाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, ते मला पटत नाही. टेकड्यांवर दाटीने माणसं उभी होती. एकावर धरलेली गोळी चुकली तर शेजाऱ्याला लागे. शिवाय २७ च्या सकाळी अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथलीच तोफ मोठ्या टेकडीकडे फिरवली. तोफेचे बळी तोडेदार बंदुकीच्या खात्यात कसे टाकायचे?

उलट लांबून बंदूक फारशी लागत नव्हती, म्हणूनच त्यांना चढून अंगावर जावं लागलं. ते गेले, आणि टेकडी घेतली. आपल्या लेखांत या चढाईला मात्र अर्धी ओळ मिळते.

यापुढे या लढाईवर लिहिणाऱ्यांनी आधी दोन्ही टेकड्यांमधलं अंतर मीटरमध्ये द्यावं, नेमाचं नंतर बघू.