पुनर्निर्मिती आणि मूळ चित्रपट

पुनर्निर्मितीमुळे मूळ चित्रकृतीची हानी होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. 'सैराट' (२०१६) आणि त्याचे हिंदी रूपांतर 'धडक' (२०१८) यांच्या आधारे तो तपासून पाहण्याजोगा आहे.

शब्दातील एक ध्वनी बदलल्याने अर्थ पालटतो की नाही, हे पाहून भाषाशास्त्रज्ञ त्या ध्वनीचे कार्य ठरवितो. पुनर्निर्मिती ही नकळत अशीच परीक्षा ठरते. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटात करमाळ्याकडील बोली हे केवळ स्थानिक रंग भरण्याचे साधन नव्हे. आर्चीच्या बोलण्यातील हुकमत ही पाटीलकीची, पर्यायाने जातीची हुकमत आहे. तेलुगुभाषी हैदराबादेत पाऊल टाकताच ती निष्प्रभ होते. शशांक खेतान यांनी कथा उदयपुरात नेली व जातीचा निर्देश नाममात्र ठेवला. घटनाक्रम पुष्कळसा तोच राहिला. परंतु पलायनाने नायिका नेमके काय गमावते, हे पुसट झाले. शेवटही पालटला. 'सैराट'मध्ये दोघेही मारले जातात आणि मूल मागे उरते. 'धडक'मध्ये नायिका वाचते, पती व मूल बळी पडतात. तेथे पुढील पिढीपुढचा प्रश्न उरतो. येथे एका व्यक्तीचा शोक.

या बदलांनी मूळ कृतीतील एकही दृश्य ढळत नाही. उलट तिच्यातील अर्थवाहक घटक कोणते, हे अधिक स्पष्ट होते. हानी होते ती अन्यत्र. केवळ रूपांतर पाहिलेल्या प्रेक्षकाच्या लेखी ही कथा जातीची न राहता निव्वळ प्रेमाची होते. मूळ चित्रपट अबाधित असतो; त्याने विचारलेला प्रश्न मात्र त्या प्रेक्षकापर्यंत पोहोचलेलाच नसतो.