मरण कुणाचं, कथा कुणाची?

मार्व्हलच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स अरीना’ या कॉमिक मालिकेचा पहिला अंक डिसेंबर २०१२मध्ये आला, पण तो हातात पडायच्या आधीच बऱ्याच वाचकांनी मालिकेला मोडीत काढलं होतं. कल्पना दोन ओळींत सांगण्यासारखी होती. आर्केड हा जुना, काहीसा हास्यास्पद खलनायक सोळा किशोरवयीन सुपरहिरोंना पळवून एका बंदिस्त ‘मर्डरवर्ल्ड’मध्ये आणून टाकतो. मुदत तीस दिवसांची. एकमेकांना मारा, शेवटी जो उरेल तो सुटेल. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ ‘बॅटल रॉयल’ या जपानी चित्रपटाची उघड आठवण करून देणारं होतं, आणि ‘हंगर गेम्स’चा पहिला चित्रपट त्याच वर्षी येऊन गेला होता. उसनवारी लपवण्याचा प्रयत्नही नव्हता. आपण तुरुंगात वाचलेल्या मुलांच्या पुस्तकांतून ही युक्ती उचलली, असं आर्केड स्वतःच सांगून टाकतो.

उसनवारी वाचकांनी चालवून घेतली असती. त्यांचा संताप झाला तो त्या सोळांमध्ये कोण होतं ते पाहून. निको आणि चेस ‘रनअवेज’मधले. हॅझमॅट, मेटल, रेप्टिल ‘अ‍ॅव्हेंजर्स अ‍ॅकॅडमी’मधले, आणि ती मालिका नुकतीच बंद झालेली. जस्टन सायफर्ट तर २००३च्या ‘सेंटिनल’ या छोट्या मालिकेतला पोरगा, भंगारातला महाकाय यंत्रमानव दुरुस्त करून त्याच्याशी दोस्ती करणारा. स्वतःची मालिका हरवून बसलेली ही पात्रं कधीतरी परत यावीत म्हणून त्यांचे वाचक वाट पाहत होते. ती परतली ती थेट मरायला.

किशोरवयीन सुपरहिरोंच्या ‘काळ्या’ कॉमिक्सवर वाचक जेव्हा तुटून पडतात, तेव्हा त्यांना हळवे म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. मुलांच्या कथेत मरण नको, अंधार नको, असं त्यांचं म्हणणं असल्याचं गृहीत धरलं जातं. गेल्या काही दशकांतल्या प्रतिक्रिया एकापुढे एक ठेवल्या तर चित्र वेगळं दिसतं. या वाचकांनी मरण पुष्कळ पचवलं आहे. त्यांचा आक्षेप असतो तो एकाच्या मरणावर दुसऱ्याची कथा उभी करण्याला.

‘अरीना’चा पहिलाच अंक घ्या. आपण बोलतो ते खरं करतो हे दाखवण्यासाठी आर्केड हॅझमॅटला मारायला निघतो, तेव्हा मेटल पुढे होऊन तिच्याऐवजी स्वतःला देऊ करतो आणि आर्केड त्याला संपवतो. नवख्या वाचकाला हा नेहमीचा त्याग वाटेल. ‘अ‍ॅकॅडमी’ वाचलेल्याला मात्र माहीत असतं की हॅझमॅटच्या शरीरातून विष आणि किरणोत्सर्ग बाहेर पडतो, संरक्षक पोशाखाशिवाय तिच्याजवळ कुणी उभं राहू शकत नाही, आणि इरिडियमच्या कातडीमुळे मेटलच तेवढा तिला स्पर्श करू शकत होता. त्याच्याबरोबर त्या मुलीच्या आयुष्यातला स्पर्शच गेला. म्हणजे ज्या वाचकाने आधीची मालिका मन लावून वाचली, त्यालाच हा प्रसंग सगळ्यात जास्त लागला. लेखक डेनिस होपलेस यांनी हॅझमॅटचा शोक आणि तिचा राग पुढच्या अंकांत सोडून दिला नाही, आणि केव्ह वॉकर यांच्या चित्रांनी ती मुलं शेवटपर्यंत मुलंच ठेवली. शिव्या द्यायला आलेले काही वाचक हळूहळू टिकले ते यामुळेच. मेटलच्या वाट्याला मात्र काय आलं? धोका किती खरा आहे हे पटवून द्यायला एक अंक.

यामागे व्यवसायाचं साधं गणित आहे. स्पायडरमॅन किंवा बॅटमॅन कायमचा मारता येत नाही. त्यांच्यावर चित्रपट, खेळणी, कपडे सगळं उभं असतं. दुसऱ्या फळीतल्या किशोरांच्या मालिका दीड-दोन वर्षांत बंद पडतात. मग ही पात्रं कंपनीच्या मालकीची, पण बिनकामाची होऊन बसतात. मोठ्या कथेत ‘काहीतरी गंभीर घडलं’ असं दाखवायचं असेल तेव्हा त्यांचा बळी सगळ्यात स्वस्त पडतो. पण खप आणि जिव्हाळा एका मापाने मोजता येत नाहीत. थोड्यांनी वाचलेलं पात्र त्या थोड्यांना अगदी घरचं वाटतं. संपादकाच्या वहीत जे नाव शून्याच्या आसपास असतं, तेच एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी सबंध विश्व असू शकतं. सगळी भांडणं या फरकातून निघतात.

वाचकांनी मरण पचवल्याचं एक जुनं उदाहरण पाहा. डीसी या मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी कंपनीची ‘न्यू टीन टायटन्स’ ही मालिका १९८०मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी सुरू केली. त्यांनी टेरा नावाची मुलगी संघात आणली आणि १९८४च्या ‘द जुडास कॉन्ट्रॅक्ट’मध्ये ती सुरुवातीपासूनच गद्दार होती हे संघासमोर उघड केलं. शेवटी ती स्वतःच्याच रागाखाली गाडली जाते. वाचकांना धक्का बसला, तरी कथा अभिजात मानली गेली, कारण टेराचं मरण टेराच्याच स्वभावातून आलं होतं. आजचा वाचक त्याच पानांवर वेगळ्या जागी अडखळतो. डेथस्ट्रोक हा प्रौढ खलनायक त्या अल्पवयीन मुलीशी जे संबंध ठेवतो, ते त्या काळी तिच्या बिघडलेपणाचा पुरावा म्हणून वाचले गेले. आज ते तिच्यावर झालेल्या अत्याचाराचा पुरावा म्हणून वाचले जातात. कथेचा एक शब्द बदललेला नाही. गुन्हा कुणाचा, याविषयीचं वाचकाचं उत्तर बदललं.

वाचक नेहमी पात्राच्या बाजूनेच उभा राहतो असंही नाही. १९८८मध्ये डीसीने दुसऱ्या रॉबिनचा, जेसन टॉडचा, निकाल दूरध्वनीवरच्या मतदानावर सोपवला. दोन क्रमांक, प्रत्येक फोनला पन्नास सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी एक पोरगा गेला, आणि पैसे भरून त्याला मारणारेही वाचकच होते. पुढे बॅटमॅनने आपल्या गुप्त गुहेत त्याचा पोशाख काचेच्या कपाटात जपून ठेवल्याचं दाखवलं गेलं. जेसनचं मरण बॅटमॅनची जखम बनलं.

२००४मध्ये स्टेफनी ब्राउन ही मुलगी काही काळ रॉबिन झाली आणि त्याच वर्षी ‘वॉर गेम्स’ या कथेत तिला हाल करून मारण्यात आलं. तिच्यासाठी गुहेत काहीच नव्हतं. तेव्हा वाचकांनी जी मोहीम चालवली, तिची मागणी फार नेमकी होती: जेसनसारखंच एक काचेचं कपाट स्टेफनीलाही हवं. तिला जिवंत करा, हा त्यांचा पहिला हट्ट नव्हता. ती मेली हे निदान कथेने लक्षात ठेवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २००८मध्ये स्टेफनी जिवंत परतली आणि पुढे बॅटगर्लही झाली. मला त्या पुनर्जन्मापेक्षा कपाटाची मागणी जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात समीक्षेचा एक निकष आहे. मेलेल्याला पुढच्या पानांवर जागा मिळते का? असाच निकष गेल सिमोन यांनी १९९९मध्ये मांडला होता. नायकाला हलवून सोडण्यासाठी मारल्या किंवा मोडल्या गेलेल्या स्त्री-पात्रांची त्यांनी यादीच केली. पुढे त्या स्वतः नावाजलेल्या कॉमिक लेखिका झाल्या.

निर्मात्यांनी या वाचकाला टोलाही मारला आहे. ‘इन्फिनिट क्रायसिस’मध्ये (२००५–०६) जेफ जॉन्स यांनी सुपरबॉय-प्राइम पुन्हा आणला. हा अशा पृथ्वीवरचा मुलगा, जिथे सुपरहिरो फक्त कॉमिक्समध्ये असतात. आजचे हिरो बिघडलेत, जुने किती चांगले होते, असं तो रडत राहतो आणि त्या रागात टायटन्सपैकी एकीचं मुंडकं उडवतो. कुरकुरणाऱ्या वाचकाचं हे व्यंगचित्र होतं आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. लेखकांना धमकावणारा, पात्र आपल्या मालकीचं समजणारा वाचक असतोच. पण टोला मारतानाही पुन्हा टायटन्सच मेले, तेही दुसऱ्या फळीतले.

अलीकडचं उदाहरण कमला खानचं. जर्सी सिटीतली ही पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी २०१४मध्ये ‘मिस मार्व्हल’ झाली. जी. विलो विल्सन यांचं लेखन आणि एड्रियन अल्फोना यांची चित्रं असलेल्या त्या मालिकेच्या पहिल्या खंडाला २०१५मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. आई-वडिलांची धास्ती, मशिदीतली भाषणं, मैत्रिणींचे टोमणे हे सारं सुपरहिरोच्या कथेत बसू शकतं हे तिने दाखवलं, आणि दक्षिण आशियाई घरांतल्या वाचकांनी तिला आपलं मानलं. २०२३मध्ये ती मेली. कुठे? ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या २६व्या अंकात, दुसऱ्याच्या मासिकात. स्पायडरमॅनच्या कथेतल्या मेरी जेनला वाचवण्यासाठी तिने मेरी जेनचं रूप घेतलं होतं, म्हणजे घाव बसला तेव्हा चेहराही तिचा स्वतःचा नव्हता. काही आठवड्यांतच एक्स-मेनच्या कथेत ती जिवंत झाली, आता म्युटंट म्हणून. त्यामुळे वाचक शांत झाले नाहीत. उलट, मरण म्हणजे नव्या जाहिरातीचा मुहूर्त होता, या संशयाला पुरावा मिळाला.

त्याच वर्षी ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या चित्रपटाने हा प्रश्न थेट कथानकात घेतला. प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात एका जवळच्या पोलिस अधिकाऱ्याने मरायचंच, असा तिथे नियम आहे. मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून उभ्या केलेल्या ‘मुंबॅटन’मध्ये पवित्र प्रभाकर या तिथल्या स्पायडरमॅनच्या मैत्रिणीच्या वडिलांची, इन्स्पेक्टर सिंग यांची, पाळी येते. चित्रपटाचा नायक, किशोरवयीन स्पायडरमॅन माइल्स मोरालेस, त्यांना वाचवतो, तर त्यालाच गुन्हेगार ठरवलं जातं. नियम सांगणाऱ्यांचा युक्तिवाद संपादकांचाच आहे: दुःखाशिवाय नायक घडत नाही. तो नियमच नाकारण्याचं माइल्सचं उत्तर वाचकांचं आहे. एवढ्या वर्षांच्या तक्रारींना मुख्य प्रवाहातल्या कलाकृतीने दिलेली ही ठळक दाद.

म्हणून अंधार कमी करा, अशी मागणी करण्याची गरज नाही. ‘अरीना’त शेवटी एकच उरेल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात बरेच वाचले आणि २०१४मध्ये त्यांच्यावर ‘अ‍ॅव्हेंजर्स अंडरकव्हर’ ही मालिका आली. मित्राला मारलेल्या किंवा मरताना पाहिलेल्या मुलांनी पुन्हा शाळेत, घरात, कॅमेऱ्यांसमोर कसं वावरायचं, हा तिचा विषय. या सबंध प्रकारातला हा सगळ्यात गंभीर प्रश्न होता. मालिका दहा अंकांत संपली. त्याचा थोडा दोष वाचकांकडेही जातो. मरणाच्या बातमीवर जेवढा कल्लोळ होतो, तेवढी गर्दी शोकाच्या अंकाला होत नाही, आणि प्रकाशक तेवढंच मोजतो. रागावून घेतलेला अंकही विक्रीतच धरला जातो. कपाटाची मागणी करणारा वाचक आणि दहाव्या अंकापर्यंत पैसे मोजणारा वाचक एकच झाला, तर पुढच्या मेटलला मारण्याआधी संपादकाला थोडा तरी हिशेब करावा लागेल.