ताडपत्री, दोन धागे आणि २००४चा एक पेपर

पावसात वडखळ नाक्यावर अलिबागच्या एसटीची वाट बघताना मी टपऱ्यांवरच्या ताडपत्र्या बघत बसतो. कुठे दोरी सैल पडली की तिथे पाण्याचा फुगा. वानखेडेच्या २०११ मधल्या नव्या टेफ्लॉन छपरालाही हाच प्रश्न लागू आहे, फक्त तिथे दोरी आवळून भागत नाही. कापड ताणल्यावर किती लांबेल हे आधी ठरवून ते तेवढं आखूड कापावं लागतं. अंदाज चुकला तर सुरकुती, मग साचलेलं पाणी.

म्हणूनच न्यूकॅसलच्या ब्रिजेन्स आणि गॉस्लिंग यांचा २००४चा पेपर मी पुन्हा वाचला. त्यांची तक्रार रास्त आहे. लेप दिलेल्या विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांवरून लाटांसारखे जातात. उभे ताणले की ते सरळ होतात आणि आडव्यांना जास्त वाकवतात. त्यामुळे पॉयसन गुणोत्तर ०.५च्या वर सहज जातं. स्टीलची सवय असलेल्याला ही चाचणीतली चूक वाटते! तरी सॉफ्टवेअरमध्ये आपण काय भरतो? दोन दिशांचे दोन ई आणि पॉयसन. जपानी मेम्ब्रेन संघटनेच्या १९९५च्या पद्धतीत १:१, २:१, १:२, १:० आणि ०:१ अशा प्रमाणांत कापड ताणून सगळ्यांना मिळून एकच संच बसवतात. म्हणजे कुठल्याच प्रमाणाला नीट न बसणारा संच.

पेपर म्हणतो, स्थिरांक सोडा; दोन्ही दिशांचे स्ट्रेस घ्या आणि स्ट्रेन थेट चाचणीतून काढलेल्या पृष्ठभागावरून वाचा. वाचताना हायसं वाटलं, खरं सांगतो.

पण एक गोष्ट खटकते. दोन पॉयसन गुणोत्तरांना बांधणारी पारस्परिकतेची अट इथे सुटते, आणि तिच्याबरोबर ऊर्जेचा हिशोबही. भाराची एक फेरी मारून मूळ जागी आलो तर मॉडेल थोडी ऊर्जा खाऊ शकतं. कापडही खातं, मान्य. पण तीच फेरी उलटी मारली की हे मॉडेल फुकट ऊर्जा देतं, आणि ते कुठलंच कापड करत नाही. स्थिर भाराखाली हे चालून जाईल. वाऱ्याने छप्पर वरखाली होत असताना मात्र मी यावर विश्वास ठेवणार नाही.

गाईडना हे सांगितलं, तर म्हणाले, "मग तू काय वापरणार?" तूर्तास पृष्ठभागच, पण ऊर्जेच्या एकाच फलनातून काढलेला. चाचणीच्या आकड्यांना तो किती बसतो, ते पुढच्या पोस्टमध्ये.