लघुनिबंध आणि विषयांचा दुष्काळ

गेल्या पोळ्याच्या सुमारास एक तरुण गृहस्थ आपली वही घेऊन बाळापुरास आमच्या घरीं आले. वहींत सात लघुनिबंध होते : चहा, पहिला पाऊस, एकटेपणा, जुनें पत्र, खिडकी, आगगाडीचा प्रवास, आणि सातवा 'मला विषय सुचत नाहीं' यावर. अक्षर सुरेख, भाषा निर्मळ. परंतु सातहि निबंध वाचून झाल्यावर लेखक पुण्याचे कीं नागपूरचे, शेतकऱ्याच्या घरांत वाढलेले कीं कारकुनाच्या, हें कांहीं केल्या सांगतां येईना. वही मिटून आम्ही सहज घरची चौकशी केली. तेव्हां कळलें कीं, त्यांचे आजोबा कापसाच्या जिनांत काट्यावर असत, आणि वजन वाढविण्यासाठीं कापसावर पाणी मारलें आहे कीं काय, हें नुसता मुठींत दाबून ते डोळे मिटून सांगत. "मग हें आपण कां लिहिलें नाहीं?" असें आम्हीं विचारलें. त्यावर ते संकोचून म्हणाले, "त्यांत लिहिण्यासारखें काय आहे?"

या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें बाळापुरापासून फार लांब नाहीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे आपल्या वऱ्हाडांतलेच वकील. अकोला, खामगांव, जळगांव-जामोद येथें त्यांनीं वकिली केली. मराठी विनोदी निबंधाचे जनक म्हणून त्यांचें नांव शाळेंतील मुलेंहि घेतात. परंतु १९०२ सालीं 'विविधज्ञानविस्तारां'त त्यांचा जो पहिला विनोदी लेख आला, त्याचें नांव 'साक्षीदार' होतें, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. नव्या लेखकानें पहिला विषय कोठून घेतला? जेथें तो रोज पोट भरण्यासाठीं उभा राहत होता तेथूनच. खोटें बोलणारा, शिकविलेलें विसरणारा, वकिलाला तोंडघशीं पाडणारा साक्षीदार हा कोणत्याहि तालुक्याच्या कोर्टांत फुकट पाहावयास मिळणारा प्राणी आहे. तो पाहिला हजारों वकिलांनीं, लिहिला एकानें.

हीच गोष्ट इंग्रजींतहि घडलेली आहे. चार्ल्स लँब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरींत १७९२ पासून १८२५ पर्यंत कारकून होता. १८२० सालीं 'इलिया' या टोपणनांवानें त्यानें आपली प्रसिद्ध निबंधमाला आरंभिली, तेव्हां तिचा पहिला निबंध एका जुन्या व्यापारी कचेरीवरच होता. सूर्यास्त, वसंत, मैत्री हे विषय त्याला ठाऊक नव्हते असें नाहीं.

आतां एक पहिला विषय सांपडला म्हणजे लेखक वाढतो असेंहि नव्हे. कोल्हटकर वाढले ते त्यांनीं सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या हीं त्रिमूर्ति निर्माण केली म्हणून. स्वतःची फजिती सांगणारा 'मी' आणि त्याचे दोन सोबती एकदां मिळाल्यावर, समाजांतील वाटेल ती रूढि, वाटेल तो समारंभ, फार काय चोरांचें संमेलनसुद्धां, त्यांच्यापुढें आणून उभें करितां येऊं लागलें. १९१० च्या पुस्तकाच्या नांवांत 'अठरा धान्यांचें कडबोळें' होतें. पुढें त्याची 'साहित्य-बत्तिशी' झाली. अठरावरून बत्तीस! आठवड्याला एक लेख हातावेगळा करूं पाहणाऱ्या आमच्या उतावळ्या मित्रांनीं हा हिशेब मनाशीं ताडून पाहावा.

कोल्हटकरांच्या लेखनांत वैगुण्य नाहीं असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. कोटीचा सोस त्यांना इतका होता कीं पुष्कळ ठिकाणीं माणूस बाजूला राहतो आणि शब्दच एकमेकांना गुदगुल्या करीत बसतात. शिवाय, वऱ्हाडांत आयुष्य घालविलेल्या या लेखकाच्या पानांवर वऱ्हाडी बोलीचा आणि काळ्या मातीचा वास फारच थोडा येतो. त्यांनीं कोर्ट पाहिलें, पण पक्षकार कोणत्या पायवाटेनें कोर्टापर्यंत आला तें आपल्याला दिसत नाहीं. ती जागा अद्यापि बरीच मोकळी आहे, आणि नव्या लेखकानें हळहळ न करतां तिकडे पाहावें.

लघुनिबंधाला त्याचें आजचें मोकळें, गप्पिष्ट रूप दिलें तें प्रा. ना. सी. फडके यांनीं. १९२६ च्या सुमारास 'रत्नाकर' मासिकांत त्यांच्या 'गुजगोष्टी' येऊं लागल्या. खांडेकर आणि अनंत काणेकर यांनींहि याच वाटेनें जाऊन स्वतंत्र गुण दाखविले. फडक्यांचें ऋण नाकारणें कृतघ्नपणाचें होईल; क्षुद्र वस्तूविषयींहि सुसंस्कृत मनुष्याला बोलतां येतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. परंतु अनुकरण करणाऱ्यांनीं त्यांच्यापासून उचलली ती केवळ बैठक : एखादी किरकोळ वस्तु घ्यावी, तिच्याभोंवतीं दोन वळसे घालावे, शेवटीं एक चमकदार वाक्य टाकावें. या साच्यानें पहिले पांच निबंध फार सोपे होतात, आणि सहावा जवळजवळ अशक्य होतो. कारण साचा विषय वापरतो, पुरवीत नाहीं.

येथें आमचीच गोष्ट सांगावी लागते. तरुणपणीं आम्हीं 'हातरुमाल' नांवाचा लेख एका मासिकाकडे पाठविला होता, आणि आमच्या दुर्दैवानें तो छापून आला. त्यानंतर छत्री, किल्ली, चष्मा असे अकरा झाले, आणि विहीर आटली. आम्हीं दोष दिला तो बाळापुराला. येथें घडतें तरी काय? त्या वेळीं आमच्या मातोश्री हयात होत्या. मन आणि म्हैस या दोन नद्यांचें पाणी एकदम चढलें म्हणजे कोणाच्या घरीं कोण आसऱ्यास येई, कोणाशीं अबोला असतांहि भाकरी कशी पोंचविली जाई, हें त्या चुलीपुढें बसून सांगत. आम्ही शेजारच्या खोलींत 'चष्मा' लिहीत होतों. त्या गेल्या. आतां त्यांतलीं नांवें आठवतात तर प्रसंग आठवत नाहींत, प्रसंग आठवतो तर त्यांचा शब्द आठवत नाहीं.

आमच्या गांवचे होतकरू लेखक गांवावर लिहीतच नाहींत असें मात्र नाहीं. ते किल्ल्यावर लिहितात. आजमशहानें किल्ला बांधावयास घेतला, एलिचपूरचा नबाब इस्माईलखान यानें तो १७५७ मध्यें पुरा केला, १७२० सालीं निजामुल्मुल्कानें आलम अलीखानाचा बाळापुराजवळ पराभव केला, मिर्झाराजे जयसिंगाच्या नांवाची छत्री नदीकांठीं आहे, वगैरे. हें सर्व खरें असून उपयुक्तहि आहे. परंतु तें ज्याला बाळापूर कोणत्या दिशेस आहे हेंहि ठाऊक नाहीं, त्यालाहि पुस्तकावरून लिहितां येईल. या किल्ल्याच्या तटावर आपण शाळा चुकवून काय केलें, वटवाघळांना कोण भ्यालें, संध्याकाळीं घरीं गेल्यावर कोणी मारलें, हें मात्र त्या लेखकावांचून दुसऱ्या कोणासच ठाऊक नसतें, आणि नेमकें तेंच तो गाळतो! माहिती लिहिली म्हणजे आपण मोठे दिसूं, आणि आठवण लिहिली म्हणजे लहान दिसूं, अशी भीति त्याच्या मनांत असावी.

ही भीति लक्ष्मीबाई टिळकांना नव्हती. शाळेचें रीतसर शिक्षण त्यांना मिळालेलें नव्हतें. १९३४ पासून पुस्तकरूपानें निघालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनीं सासरचे, नवऱ्याचे आणि मुख्यतः स्वतःचे हट्ट, रुसवे, फसगती इतक्या सरळपणें सांगितल्या कीं, त्या काळच्या कित्येक विद्वानांचे निबंध आज कपाटांत पडले असतां तें पुस्तक घराघरांतून वाचलें जातें. आणि मागें जावयाचें तर आमच्याच वऱ्हाडांत, रिद्धपुरास, म्हाइंभटानें तेराव्या शतकांत 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. ज्यांनीं चक्रधरस्वामींना पाहिलें होतें, त्यांना गांठून, विचारून त्यानें आठवणी गोळा केल्या. स्वामी कोठें बसले, कोणास काय म्हणाले, काय जेवले, हेंहि त्याला टिपण्याजोगें वाटलें. त्यानें विचारलें तेव्हां सांगणारे अजून जिवंत होते, ही यांतील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट.

वहीवाले तरुण गृहस्थ दिवाळीनंतर पुन्हां आले होते. आठवा निबंध आजोबांवर आहे. पहिलीं दोन पानें थंडीच्या वर्णनांत गेलीं आहेत. तिसऱ्या पानावर आजोबा काट्यापाशीं येतात, कापूस मुठींत धरतात, आणि गाडीवाल्याकडे न पाहतां त्याचा आंकडा सांगतात. तेथून पुढें लेख आम्हीं एका दमांत वाचला. पहिलीं दोन पानें काढून टाकावीं असें आम्हीं सुचविलें आहे. त्यास त्यांनीं अद्यापि रुकार दिलेला नाहीं. मात्र आजोबांना आणखी कांहीं विचारावयाचें राहिलें आहे म्हणून त्याच दिवशीं संध्याकाळच्या गाडीनें ते परत गेले.