आधी खर्च, मग मदत: खान्देशातल्या 'हवामान अनुकूल' शेतीकडे पाहताना

मागच्या वेळी दुष्काळाच्या इतिहासावर बोलणं झालं होतं. तेव्हा खाली उतरताना एकांनी अडवून विचारलं, "इतिहास ठीक आहे, पण आज आमच्या जळगाव जिल्ह्यात जे प्रकल्प चालू आहेत त्यांचं काय?" म्हणून आज तोच विषय. समोर ठेवायला एक प्रकल्प घेतलाय, नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. गावात कोणी एवढं लांब नाव घेत नाही, सगळे 'पोकरा' म्हणतात. आम्हीही तसंच म्हणू.

थोडी माहिती आधी सांगून टाकतो. जागतिक बँकेने २०१८ मध्ये या प्रकल्पासाठी ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पहिल्या टप्प्यात पंधरा जिल्हे होते: मराठवाड्याचे आठ, विदर्भाचे सहा आणि खान्देशातला एकटा जळगाव. पाच हजारांच्या वर गावं. धुळे यादीत नव्हतं. शिंदखेडा तालुक्यात ज्यांनी उन्हाळा काढलाय त्यांना हे ऐकून काय वाटेल ते आम्ही सांगायला नको. निवडीमागे कारणं असणार, पूर्णेचा खारपाण पट्टा हे त्यातलं एक. पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते, त्या अंगाने जळगावचा संबंध लागतो. असो.

आता टीका करायची तर आधी जे चांगलं आहे ते मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. पोकराने गाव हा घटक सोडून छोट्या पाणलोटांचे समूह धरले, हे शहाणपणाचं होतं. पाणी गावाची शीव ओळखत नाही. दुसरं म्हणजे, आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मुरला किती, पिकांना लागणार किती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हा हिशेब लिहिलेला आम्ही पाहिलाय, आणि खरं सांगायचं तर पाहून बरं वाटलं. आमच्या लहानपणी गावच्या भिंतीवर फक्त बियाण्यांच्या आणि बिड्यांच्या जाहिराती असायच्या. तिसरं, अनुदान थेट बँक खात्यात. मधला माणूस गेला.

मग अडचण कुठे आहे? ती त्या भिंतीपासून चार पावलांवर सुरू होते.

भिंतीवरचा हिशेब सगळ्या गावाचा असतो, पण अर्ज एकट्याचा. ठिबक, शेडनेट, शेततळं, विहीर, पंप, फळबाग. एकेका शेतकऱ्याने अर्ज करायचा, पूर्वसंमती घ्यायची, वस्तू स्वतःच्या पैशाने उभी करायची, तिचे स्थळाच्या नोंदीसह फोटो काढून चढवायचे, तपासणी व्हायची आणि मग अनुदान खात्यात यायचं. कागदावर ही पद्धत अगदी स्वच्छ दिसते. जे बांधलंच नाही त्याचे पैसे कोणी उचलू नयेत हा तिचा हेतू, आणि महाराष्ट्रात या हेतूची गरज नाही असं म्हणायची आमची हिंमत नाही.

पण अशा एका बैठकीत आम्ही मागे बसलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. समूह सहायक मुलगा चांगला होता, मनापासून सांगत होता. सगळं ऐकून घेतल्यावर एक बाबा शांतपणे म्हणाले, "पैसा ते पहिले लागस ना, भाऊ." म्हणजे पैसा तर आधीच लागतो ना. त्यांनी हे तक्रार म्हणून म्हटलं नाही. जे होतं ते सांगितलं, टोपी नीट केली आणि उठले. त्या एका वाक्यात प्रकल्पाच्या रचनेवरची जेवढी टीका आहे तेवढी आम्हाला पुढच्या तासाभरात करता येईल की नाही, शंकाच आहे.

विचार करा. शेडनेटचा खर्च लाखांत जातो. ज्याच्याकडे तेवढी रोकड आहे, किंवा ज्याच्या सात-बाऱ्यावर बँक किंवा दुकानदार विश्वास ठेवतो, तोच आधी खर्च करणार. अल्पभूधारकाला अनुदानाचा टक्का जास्त ठेवला, ठीक. पण टक्का शेवटी कामाला येतो, रोकड सुरुवातीला लागते. मधल्या महिन्यांत तो सावकाराकडून उचलणार, आणि अनुदान आलं की त्यातला मोठा घास व्याज खाणार. म्हणजे ज्याला हवामानाचा धक्का सगळ्यात जास्त बसतो त्याच्यापर्यंत मदत सगळ्यात शेवटी पोहोचते, आणि पोहोचते तेव्हा झिजलेली असते. यात कुणी चोरी केलेली नाही. सगळे नियमाने वागले, तरी हे असंच होतं. आमचा मुद्दा हाच आहे.

दुसरी गोष्ट शेततळ्याची. शेततळं म्हटलं की डोळ्यांपुढे पावसाचं वाहतं पाणी अडवणारा खड्डा येतो. प्रत्यक्षात प्लास्टिकचं अस्तर घातलेली कित्येक तळी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी उपसून भरली जातात. जमिनीखालचं, सगळ्यांच्या मालकीचं पाणी वर काढायचं आणि एकाच्या तळ्यात उन्हात ठेवायचं. काही भाग वाफ होऊन जातो, उरलेलं एकाचंच. ही तक्रार राज्यभर होते, जळगावपुरती नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याला, रावेर-यावलकडे, उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त आहे हे भूजलाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आलेत. केळीला पाणी लागतंच. अशा मुलखात प्रत्येक तळ्याची नोंद 'हवामान अनुकूल' म्हणून झाली, तर नोंदी वाढतील आणि विहिरी खोल जातील, दोन्ही एकाच वेळी.

'हवामान अनुकूल' हा शब्दही जरा तपासून बघू. इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ धक्का सोसून पुन्हा उभं राहणं. आपण मराठीत केलं 'अनुकूल'. अनुकूल कोण कोणाला? शब्दांचा कीस काढायची आम्हाला हौस नाही, पण इथे फरक पडतो. धक्का सोसणं हे एकट्याच्या शेडनेटचं काम नाही. शेजाऱ्याशी तुमचा पाण्याचा करार कसा आहे, त्यावर ते ठरतं.

आणि असा करार खान्देशात होता. फड पद्धत. पांझरेच्या काठच्या लोकांना हे नवीन नाही, पण जळगावच्या तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. पांझरा साक्रीकडून येते, धुळे शहरातून जाते आणि पुढे तापीला मिळते. तिच्यावर एकाखाली एक बंधारे. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग आणि उरलेलं पाणी परत नदीत सोडणारे सांडम. ही व्यवस्था निदान तीनशे वर्षांची आहे. लाभक्षेत्राचे भाग पाडायचे, बहुधा चार, आणि प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक, म्हणजे एका फडात ऊस तर दुसऱ्यात दुसरं काही, आणि दरवर्षी फेरपालट. आता खरी गोम ऐका: शेतकऱ्याची जमीन एका फडात एकगठ्ठा नसायची, ती वेगवेगळ्या फडांत विखुरलेली. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी पंच ठरवायचे, अमका फड या वर्षी कोरडा. त्या फडात सगळ्यांचाच तुकडा. तूट सगळ्यांच्या पदरात पडायची.

म्हणजे दुष्काळ येणारच, हे ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. तो कोणावर पडेल एवढंच ठरवायचं होतं. पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारे जागल्ये, त्यांचा मोबदला धान्यात. पाटकऱ्याचं पोट सगळ्यांच्या पिकावर, म्हणून एकाच्या वावरात जास्त पाणी सोडून त्याचा काही फायदा नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही जुन्याचे गोडवे गाताय. नाही. फडात जमीनदाराला पाणी होतं, भूमिहीनाला नव्हतं. पंचांत बाई बसल्याचं आम्ही कधी ऐकलं नाही. मजुरी करणारे पाट साफ करायचे आणि पाटाकडे बघत घरी जायचे. शिवाय ही पद्धत पुढे मोडकळीला आली: वरच्या बाजूला धरणं झाली, विहिरी आणि मोटारी आल्या, ज्याच्या विहिरीला पाणी त्याला पंचांची गरज उरली नाही. तरी तूट वाटून घेण्याचा नियम हा तिच्यातला गाभा होता, आणि पोकराच्या जाडजूड मार्गदर्शक सूचनांत आम्हाला तो सापडत नाही. ताळेबंदात तूट लाल रंगात दिसते, पण त्या लाल आकड्याचं काय करायचं, हे ठरवायचा अधिकार ग्राम कृषी संजीवनी समितीकडे नाही. समिती अर्जांना मान्यता देते. पीक बदला, बोअर थांबवा, असं कोणाला सांगणार? सांगितलं तर पुढच्या निवडणुकीत सरपंच कोण?

शिरपूरबद्दल एक वाक्य तरी बोला असं कोणीतरी चिठ्ठीवर लिहून पाठवलंय. बोलतो. सुरेश खानापूरकरांनी तिथे नाले रुंद आणि खोल केले, पाण्याला मुरायला जागा दिली, आणि विहिरींना पाणी आलं, हे खरं. पण त्यात भूगर्भाचा अभ्यास होता. राज्यभर नक्कल झाली ती पोकलेनची. २०१४ च्या अखेरीस आलेल्या जलयुक्त शिवार अभियानावर ९,६३४ कोटी रुपयांच्या आसपास खर्च झाला, आणि २०२० मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने म्हटलं की भूजलाची पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. पाणी मुरवण्याची योजना झाली, उपशावर बंधन मात्र आलं नाही. पुन्हा तेच.

बारीपाड्यात मात्र हे बंधन दिसतं. साक्री तालुक्यातलं पश्चिमेकडचं आदिवासी गाव. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली म्हणून आता सगळ्यांना माहीत झालं, पण जंगल राखायचं काम तीसेक वर्षांचं आहे. गावाने आधी स्वतःवर नियम घातले, कुऱ्हाडीवर, बैलगाडीवर, दंडही ठेवले. बाहेरची मदत नंतर आली. आधी नियम, मग पैसा. पोकरात क्रम उलटा, किंवा नियम नाहीच.

केळीच्या विम्याकडे एक नजर टाकून पुढे जातो. हवामानावर आधारित फळपीक विमा. थंडीत सलग तीन दिवस पारा ८ अंशांवर किंवा त्याखाली राहिला तर भरपाई, अशा धर्तीच्या अटी. पारा कुठला? महसूल मंडळातल्या केंद्राचा. तापीकाठच्या खोलगट वावरातला गारठा आणि केंद्रावरचा गारठा एक नसतो, हे केळीवाला पान बघून सांगतो. केळीचा घड काळा पडला आणि यंत्रावर साडेआठ, तर त्या घराच्या दृष्टीने ती थंडी पडलीच नाही.

आता ज्यांच्याकडे घडही नाही, वावरही नाही त्यांच्याकडे येऊ. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं आजही आपल्या घरांत आहेत, त्यांना विचारा. त्या कामांतून पुढे रोजगार हमी कायदा झाला, १९७७ चा, १९७९ पासून अंमलात. त्यात खोट भरपूर होती, मस्टरवरचे खोटे अंगठेही होते. पण रचना बघा: ज्याच्याकडे काहीच नाही तो पहिला दारात येणार, काम मागणार आणि मजुरी घेऊन जाणार. आधी खर्च कर, असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं. पन्नास वर्षांनी आपण जास्त हुशार संगणक आणले आणि रांग उलटी केली. पोकरात भूमिहीनांसाठी शेळ्या होत्या, हे मान्य. शेळीला पाणी आणि चारा कुठून येणार, हे मात्र ताळेबंदात वेगळं कुणी लिहिलं?

तुम्ही विचाराल, मग करायचं काय. आम्ही मोठी शिफारस करत नाही, दोनच गोष्टी सांगतो. एक, पाच एकराच्या आतल्या शेतकऱ्याला पहिला हप्ता काम सुरू होताना द्या, बचत गटांमार्फत द्या. बायकांच्या गटांचं कर्ज कसं फिटतं हे बँकांना विचारा. दुसरी, विलासराव साळुंख्यांनी पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, ती. तिथे पाणी एकरावर नाही, घरातल्या माणसांवर ठरायचं, भूमिहीनालाही वाटा होता, आणि ऊस वर्ज्य. जळगावच्या केळी पट्ट्यात हे बोलून दाखवलं तर लोक हसतील, आम्हाला कल्पना आहे. पण अनुदानातून झालेल्या प्रत्येक तळ्यातल्या पाण्याचा थोडा वाटा गावातल्या भूमिहीन घराच्या जनावरांसाठी आणि परसबागेसाठी राखून ठेवा, अशी अट घालायला कोणाचं काय जातं? अनुदान सार्वजनिक पैशाचं आहे. अट न पटणाऱ्याने स्वतःच्या पैशाने तळं खोदावं.

वेळ संपत आलीय, घड्याळ दाखवताहेत. समोर बसलेल्या कृषी सहायकांपैकी कोणी उत्तर देणार असेल तर आधी त्यांना बोलू द्या. पूर्वसंमतीपासून पैसे खात्यात यायला तुमच्या गावात किती दिवस लागले, तेवढं मात्र आकड्यात सांगा.